मागवला एक गुलाब, फुलला भलताच: जुन्या जातींची खात्री, खुंटाची फूट आणि परदेशी रोपं

दर वर्षी तीच तक्रार येते, फक्त गाव बदलतं. जुन्या युरोपीय नावाचं गुलाबाचं रोप हौसेनं मागवलं, एक-दोन हंगाम बरे गेले आणि मग झाडावर भलतंच फूल आलं. नाहीतर फूलच आलं नाही. नाहीतर पहिल्याच बहरात वर्णनाशी काडीचा मेळ नसलेलं काहीतरी उमललं. तिन्ही तक्रारी लोक एकाच वाक्यात सांगतात: "जात बदलली." जात अशी बदलत नसते. क्वचित एखादी फांदी आपणहून वेगळं फूल देते, सेंटिफोलिया या जुन्या युरोपीय वर्गाच्या फांदीवर शेवाळी कळ्यांचे मॉस गुलाब जन्मले ते तसेच, पण आपल्या आवारात तेच घडलं असेल असं समजून चालू नका. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: खुंट (ज्या झाडाच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं, तो खालचा भाग) वरचढ झाला, नाव मुळातच चुकीचं होतं, किंवा नाव बरोबर आहे पण त्या जातीला आपला हिवाळा पुरत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी कारण ठरवा. खतांच्या पिशव्या नंतर उघडा.

"जुना गुलाब" म्हणजे काय, हे एकदा ठरवून घेऊ. अमेरिकन रोझ सोसायटीच्या व्याख्येप्रमाणे 1867 पूर्वी जे वर्ग अस्तित्वात होते ते जुने. त्या वर्षी फ्रान्समध्ये गियोनं 'ला फ्रान्स' आणला आणि हायब्रीड टी हा आधुनिक वर्ग सुरू झाला असं मानतात. मोजायचं ते वर्गाचं वय, एकेका जातीचं नाही. 'मादाम इझाक पेरेर' 1881 चा आहे, पण बुर्बाँ वर्गातला, म्हणून जुन्यांतच बसतो. उलट डेव्हिड ऑस्टिनचे इंग्लिश गुलाब दिसायला जुने, भरगच्च, सुगंधी असले तरी त्यांची सुरुवातच 1961 च्या 'कॉन्स्टन्स स्प्राय'पासून होते. "जुना इंग्लिश गुलाब" म्हणून जे विकलं जातं त्यात हे पुष्कळ असतात. रोपं वाईट नाहीत, पण संग्रहाच्या वहीत ती वेगळ्या पानावर जावीत.

फूट कुठून निघाली ते आधी पाहा

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडच्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. संत्र्याची पन्हेरी जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरूनच तयार होते. जोडाखालची फूट वेळेवर काढली नाही तर काही वर्षांनी त्या जागी संत्रा नाही, जंबेरी उभी असते. गुलाबात नेमकं हेच होतं, पण शोभेचं झाड म्हणून आपण त्याच्याकडे बागाईतदाराच्या नजरेनं बघतच नाही. शेजारच्या एका काकांनी एका हौशी माणसाच्या कुंडीकडे नुसती नजर टाकली अन् म्हणाले, "काहून बा, हा तं खुंट फुटला! अन् तू याले खत देऊन राह्यला?" काकांनी जन्मात जुन्या गुलाबाचं एक नाव ऐकलेलं नव्हतं.

विदर्भात हे जास्त का होतं, त्याचं कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की जोडावरचा भाग भाजून वाळतो, खुंटाची मुळं मात्र खाली जिवंत राहतात. मृगाचा पाऊस पडतो, बुडातून जोमदार हिरवी फूट निघते आणि घरचे आनंदानं सांगतात, झाड वाचलं. वाचलेला असतो तो खुंट. तो फुलायला पुढचा फेब्रुवारी-मार्च उजाडतो, तोवर मूळ जात मरून बरेच महिने झालेले असतात. म्हणून तक्रार नेहमी उशिरा येते आणि दोष नेमका चुकीच्या हंगामाला जातो.

तपासणी सोपी आहे. खुरपं बाजूला ठेवा आणि बोटांनी बुडाची माती सारा. डोळा भरलेल्या जागी खोडाला गाठीसारखा फुगवटा दिसेल. फूट त्या गाठीच्या वरून असेल तर ती तुमच्या जातीची, खालून किंवा मुळातून असेल तर खुंटाची. गाठ ओळखता येत नसेल, आणि जुन्या झाडात ती अनेकदा ओळखता येत नाही, तर पानांवर या.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत मुख्यतः तीन खुंट सापडतात. पहिला मल्टिफ्लोरा. एका पानात 7 ते 9 पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), फुलं बारीक, पांढरी, झुबक्यांनी. याची खूण फुलाशिवायही पटते: पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं दोन्ही बाजूंना अरुंद उपपर्णं असतात आणि मल्टिफ्लोरात त्यांची कड झालरीसारखी कातरलेली असते. भिंग घ्या, एका मिनिटात उत्तर मिळेल. फक्त एक सावधगिरी: मल्टिफ्लोरापासून निघालेल्या वेली गुलाबांतही ही झालर उतरते, म्हणून वेली जात मागवली असेल तर नुसत्या उपपर्णावर निकाल देऊ नका. खुंटाचा मल्टिफ्लोरा अनेकदा बिनकाट्याचा असतो, त्यामुळे "बिनकाट्याची दुर्मिळ जात" म्हणून लोक त्याला वर्षानुवर्षं जपतात.

दुसरा इंडिका ओडोराटा. चकचकीत पानं, बहुतेक 5 पर्णिका, फिकट गुलाबी ढिली फुलं. चुन्याच्या जमिनीत हा मल्टिफ्लोरापेक्षा बराच तग धरतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. मल्टिफ्लोरावर बांधलेल्या रोपाची कोवळी पानं तिथं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची अडचण आहे, नत्राची नाही. युरिया टाकून ती जाणार नाही. जमिनीत टाकलेलं फेरस सल्फेटही चुनखडीत अडकून बसतं. फवारणीतून द्या किंवा चुनखडीत न अडकणारं ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह वापरा.

तिसरा एडवर्ड, आणि याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. गुलाबी, गोड वासाची फुलं, मुख्य बहर हिवाळा सरताना. याला आपण खुंट म्हणून हिणवतो खरं, पण हा स्वतःच जुना गुलाब आहे. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट पूर्वी बुर्बाँ म्हणून ओळखलं जायचं. तिथं कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चिनी गुलाबांच्या संकरातून 'रोझ एदुआर' झाला, ब्रेओं नावाच्या वनस्पतितज्ज्ञानं तिथून फ्रान्सला बी पाठवलं आणि त्यातून अख्खा बुर्बाँ वर्ग उभा राहिला. 'सुव्हनीर द ला माल्मेझाँ' मेला आणि खालून एडवर्ड आला, तर पैसे बुडाले हे खरंच, पण नातवाच्या जागी आजोबा आलेत. उपटून फेकू नका. माझ्या मते विदर्भातल्या कुठल्याही जुन्या गुलाबांच्या संग्रहाची सुरुवात एडवर्डपासून व्हावी.

परदेशी रोप असेल तर खुंटही परदेशी. अमेरिकेतून आलेल्या रोपाखाली बहुधा 'डॉक्टर ह्यूई' असतो: गडद मरून, अर्धवट दुहेरी फुलं, मध्ये पिवळे पुंकेसर, वर्षातून एकदाच बहर. "माझा गुलाबी बुर्बाँ मरून झाला" असं कोणी म्हणालं की मी आधी हाच संशय घेतो. इंग्लंड आणि युरोपकडे 'लाक्सा' किंवा कॅनिना जातीचे खुंट चालतात, फ्लोरिडाच्या वाळूत 'फॉर्च्युनियाना', केनिया-दक्षिण आफ्रिकेकडे 'नताल ब्रायर'. रोप मागवतानाच खुंट कोणता हे विचारून वहीत लिहून ठेवलं तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

खुंटाची फूट कात्रीनं कापायची नाही. कापली की बुडाशी डोळे राहतात आणि एकाच्या जागी चार निघतात. माती सारून फूट जिथून निघाली तिथपर्यंत जा आणि खालच्या दिशेनं हिसका देऊन बुडासकट ओढून काढा. पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचा काळ, या दोन वेळा लक्ष ठेवलं तर काम फारसं नाही.

आता ज्यावरून वाद होतो तो मुद्दा: जोड मातीत गाडावा की वर ठेवावा? संत्र्यात जोड जमिनीच्या वर राहिलाच पाहिजे, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय, आणि डिंक्याच्या (खोडातून डिंक गळवणाऱ्या रोगाच्या) भीतीनं ते बरोबरच आहे. गुलाबाला तो नियम जसाच्या तसा लावू नका. संग्रहातला जुना गुलाब असेल तर मी जोड दोन-तीन इंच मातीखाली घालायच्या बाजूचा आहे. कलमाला हळूहळू स्वतःची मुळं फुटतात, आणि मग उन्हाळ्यात वरचं सगळं वाळलं तरी बुडातून येणारी फूट खऱ्या जातीची असते. अट एकच: हे निव्वळ काळ्या मातीत करायचं नाही. तिथं पावसाळ्यात पाणी साचून जोड कुजेल. मुरूम, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून उंच वाफा करा.

त्याहून पक्का उपाय म्हणजे स्वतःच्या मुळांवरचं झाड. चायना (चिनी), टी, नॉयझेट आणि बुर्बाँ या वर्गांतल्या पुष्कळ जाती काडीतून सहज लागतात. फूल झडून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड, न वाळलेली फांदी घ्या. पावसाळ्यात किंवा थंडीच्या सुरुवातीला लावा. रोप नवं आलं आणि रुळलं की पहिल्याच वर्षी दोन-चार काड्या लावून ठेवाव्यात, मूळ झाड कितीही ठणठणीत दिसो.

नाव खोटं ठरवता येतं का ते पाहा

गाठीवरूनच फूट येतेय, तरीही फूल वर्णनाशी जुळत नाही. म्हणजे पाटी चुकली. अनोळखी गुलाबाचं नाव पक्कं करणं फार अवघड काम आहे. जगातले जाणकारही पुष्कळ झाडांपुढे हात टेकतात. पण दिलेलं नाव चूक आहे एवढं सिद्ध करणं बऱ्याचदा पाच मिनिटांचं असतं.

रंगापासून सुरुवात करा. गडद, झळझळीत पिवळा रंग संकरित बाग-गुलाबांत आला तो पेर्ने-द्युशेच्या 1900 सालच्या 'सोलेय दोर'पासून, पर्शियाकडच्या फोएटिडा या पिवळ्या गुलाबाच्या रक्तातून. त्याआधीचे पिवळे टी आणि नॉयझेट हे लोण्याचे, गंधकाचे, फिक्या जर्दाळूचे रंग. तेव्हा हळदीसारखा पिवळा किंवा केशरी "बुर्बाँ" कोणी विकत असेल तर नाव विचारायचीही गरज नाही. स्वतः फोएटिडा हा अपवाद, पण तो आपल्या उन्हात कोणी टिकवला तर मी मुद्दाम बघायला येईन.

मग काटे. 'झेफिरीन द्रुआँ' बिनकाट्याचा आहे. तुमच्या झाडाला काटे असतील तर तो तो नव्हे, संपला विषय. 'म्युटाबिलिस' पाच पाकळ्यांचा, आणि तेच फूल पिवळसर उघडून गुलाबी आणि मग किरमिजी होतं. भरगच्च फूल असेल तर नाव चूक. 'मादाम हार्डी' पांढरा, मधोमध हिरवं बटण. बटण नाही तर शंका घ्या. चायना वर्गातला हिरवा गुलाब 'व्हिरिडिफ्लोरा' ओळखण्यात तर कोणी चुकूच शकत नाही, कारण त्याला पाकळ्यांच्या जागी पानांसारखी हिरवी दलंच असतात. दिसायला सुंदर नाही, पण नावाबद्दल शंभर टक्के खात्री देणारं संग्रहातलं ते एक झाड. काटकही आहे.

ऊन ही आपल्याकडची फुकटची प्रयोगशाळा आहे. युरोपीय गुलाबांची फुलं उन्हात फिकी पडतात, चिनी गुलाबांची गडद होत जातात. 'ओल्ड ब्लश' सकाळी फिकट गुलाबी उघडतो आणि संध्याकाळी पाकळ्यांच्या कडा गडद झालेल्या दिसतात. मार्चमधल्या एका दिवसात सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याच फुलाचे फोटो काढा. झाडात चिनी रक्त आहे की नाही याचा अंदाज घरबसल्या येतो.

वर्ग ठरवायला पानं आणि देठ जास्त बोलतात. चायना आणि टी: गुळगुळीत टोकदार पानं, 3 ते 5 पर्णिका, कोवळी पालवी तांबूस. टी गुलाबांचे देठ नाजूक असतात आणि फुलं खाली मान घालतात, तो रोग नव्हे. गॅलिका: पान खरखरीत, निस्तेज, जाडसर, फांदीवर आकड्यांऐवजी बारीक राठ केस. दमास्क: वाकडे काटे, करडी हिरवी झाक असलेली पानं, खालून मऊ लव, फळ लांबट. आल्बा: पानांवर निळसर राखाडी छटा, काटे थोडे. मॉस असेल तर कळीखालच्या हिरव्या निदलांवर चिकट शेवाळी लव हवी. बोटानं चोळून वास घ्या, राळेसारखा येतो. लव नाही तर मॉस नाही.

फुलाच्या पोटातही एक खूण आहे. पाकळ्या बाजूला करून मधले स्त्रीकेसर भिंगाखाली पाहा. मल्टिफ्लोरा, मोस्काटा (कस्तुरी गुलाब) आणि त्यांच्या जवळच्या नातलगांत ते जुळून एक दांडी झालेली असते. चिनी गुलाबांत सुटे. नॉयझेट हा मोस्काटा आणि चायना यांचा संकर, म्हणून त्यात कधी अर्धवट चित्र दिसतं. माझ्या अनुभवात लोक ज्याला नॉयझेट म्हणून दाखवतात त्यात साधे झुबकेवाले आधुनिक गुलाबच जास्त निघतात.

म्हणून ओळख विचारायची असेल तर नुसता फुलाचा फोटो पाठवू नका. वरून सुंदर दिसणाऱ्या एका फोटोत शंभर जाती बसतात. फूल बाजूनं, कळी आणि निदलं, फुलाचा देठ, उपपर्णासकट पूर्ण पान दोन्ही बाजूंनी, फांदीवरचे काटे, फळ धरलं असेल तर फळ, आणि झाडाचा पूर्ण आकार. सोबत लिहा की बहर वर्षातून एकदा येतो की पुन्हा पुन्हा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

गावात सापडलेल्या झाडांनाही हीच रीत. जुन्या वाड्यांच्या सांदवाडीत, चिखलदऱ्याच्या बंगल्यांत, 1821 मध्ये वसलेल्या कामठी छावणीसारख्या ठिकाणच्या जुन्या आवारांत अजून पाहण्यासारखं असू शकतं. मालकाला विचारून दोन काड्या घ्या, झाड उपटू नका. नाव माहीत नसेल तर मोठं फ्रेंच नाव ठोकून मोकळं होण्यापेक्षा गाव आणि रंग जोडून तात्पुरतं नाव द्या: "आर्वी गुलाबी", "अचलपूर पांढरा". "गावठी गुलाब" एवढंच लिहून भागत नाही. एका गावात तो दमास्क निघतो, दुसऱ्यात एडवर्ड, तिसऱ्यात 'ओल्ड ब्लश'.

झाड हिरवंगार, फूल एकही नाही

इथं नाव बरोबर असू शकतं. गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया आणि त्यातून आलेले मॉस हे थंड प्रदेशातले गुलाब. हिवाळ्यात झोप मिळाली तरच वसंतात फुलतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री 10 अंशांच्या खाली जातात, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. तेवढ्यानं भागत नाही. संत्र्याला ताण देऊन बहर धरायची सवय असलेली मंडळी गुलाबालाही पाणी तोडून पाहतात. पानं गळतात, झाड थकतं, पण थंडीची भरपाई पाण्याच्या ताणानं होत नाही. हे गुलाब हवेच असतील तर चिखलदऱ्याला जागा असलेला मित्र शोधा. सपाटीवर माझं स्पष्ट मत: नका मागवू.

दमास्क मात्र या यादीत टाकू नका. राजस्थानात पुष्कर-हळदीघाटीकडे आणि उत्तर प्रदेशात कन्नौज-हसायनच्या पट्ट्यात तो अत्तर आणि गुलाबपाण्यासाठी शेतात घेतला जातो, आणि तिथला उन्हाळा काही सौम्य नाही. चैताच्या सुमारास एकदाच फुलतो, म्हणून त्याला चैती गुलाब म्हणतात. एवढं समजून घेतलं तर त्याच्याविषयीची निम्मी तक्रार संपते.

उरलेली निम्मी छाटणीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुलाब गुडघ्याएवढे छाटायचे, ही पद्धत हायब्रीड टीसाठी योग्य आहे. एकदाच फुलणारे जुने गुलाब आदल्या वर्षीच्या लाकडावर फुलतात. ऑक्टोबरमध्ये ते लाकूड छाटलं की येणारा बहर तिथंच कचऱ्यात गेला. यांची छाटणी फुलं होऊन गेल्यावर करायची, तीही हलकी. टी आणि नॉयझेट यांनाही खोल छाटणी मानवत नाही. वाळकं, आडवंतिडवं काढून टाका, बाकी हात लावू नका.

आपल्या उन्हाला कोण झेपतं? चायना, टी, नॉयझेट, मग बुर्बाँ, या क्रमानं. 'ओल्ड ब्लश', 'क्रामोआझी स्युपेरियर', 'म्युटाबिलिस', 'द्युशेस द ब्राबाँ', 'लामार्क', 'रेव्ह दोर' ही नावं मी नवख्याला सांगेन. 'मारेशाल नील' 1864 चा, पिवळा, उष्णतेवर प्रेम करणारा, पण थोडा लहरी. 'सुव्हनीर द ला माल्मेझाँ'च्या कळ्या पावसात न उघडताच कुजतात, तोच गुलाब कोरड्या फेब्रुवारीत पाहावा. हायब्रीड पर्पेच्युअलांत 1869 चा 'पॉल नेरों' भल्या मोठ्या फुलांचा, पण त्याला खाऊपिऊ घालावं लागतं.

बाहेरून आणायचंच असेल तर

आधी देशात शोधा. वरच्या यादीतली बरीच झाडं भारतातल्या हौशी लोकांकडे आहेत, आणि काडी पाकिटातून येते. आयात ही फक्त इथं न मिळणाऱ्या जातीसाठी.

पाहुण्याच्या बॅगेतून काड्या आणणं हा मार्ग नाही. हे नियमाबाहेर आहे, आणि नियमामागे कारण आहे. उत्तर अमेरिकेत रोझ रोझेट नावाचा विषाणू आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या कोळी किडीतून पसरतो, फांद्या लालभडक, काट्यांनी भरलेल्या झाडूसारख्या होतात आणि झाड जातं. उपाय नाही. एका काडीतून तो इकडे पसरला तर तुमच्याच नव्हे, अख्ख्या देशाच्या गुलाबशेतीला भोगावं लागेल.

रीतसर रस्ता असा. 1914 च्या विध्वंसक कीटक व रोग कायद्याखाली 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, त्याप्रमाणे लागवडीच्या साहित्यासाठी माल निघण्यापूर्वी आयात परवाना लागतो. ज्या देशातून आणायचं तो देश आणि तो वनस्पतिभाग आदेशाच्या परिशिष्टात असावा लागतो. नसेल तर आधी कीड-धोक्याचं विश्लेषण, आणि एकट्या हौशी माणसानं त्यात पडू नये. निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हवं, आणि परिशिष्टात मागितलेली अधिकची घोषणा (अमुक रोग-कीड नाही अशी) त्यावर शब्दशः हवी. इथंच बहुतेक पार्सलं अडतात. रोपवाटिका प्रमाणपत्र देते, पण घोषणेची ओळ राहून जाते. परवान्याची प्रत त्यांना आधीच पाठवा आणि मसुदा मागवून ओळ अन् ओळ ताडून पाहा. मुळाला माती चालत नाही, म्हणून कुंडीतलं रोप बाद. धुतलेली उघडी मुळं. आणि आल्यावर रोप मंजूर केलेल्या वेगळ्या जागेत, तपासणी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली वाढवावं लागतं. जागेची मंजुरी आधी, रोप नंतर. आदेशात दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या मित्राच्या अर्जाची नक्कल करू नका.

कागदांइतकंच महत्त्व वेळेला. युरोप-अमेरिकेतल्या रोपवाटिका उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च पाठवतात. आपल्याला ती डिसेंबर किंवा जानेवारीत हातात हवीत. मार्चमध्ये आलेलं रोप पांढरी मुळं धरायच्या आत एप्रिलच्या तोंडी सापडतं. म्हणून पळापळ गणपतीच्या आधीच सुरू झालेली बरी. ऑस्ट्रेलियाचा हंगाम उलटा, जून ते ऑगस्ट. रोपं आपल्या पावसात पोचतात. हवेचा दमटपणा मानवतो, पण पाणी झिरपणारी माती आणि वरून आडोसा नसेल तर बुरशी धरते.

रोपवाटिकेला विचारायचे प्रश्न थोडे आहेत: स्वतःच्या मुळांवर की कलम? खुंट कोणता? मातृझाड कुठून आलं? जर्मनीतल्या झांगरहाउझेनसारख्या मोठ्या जिवंत संग्रहाशी ते कधी ताडून पाहिलंय का? पान, उपपर्ण आणि कळीचे फोटो देणार का? फक्त फुलाचं चित्र पाठवणाऱ्याला मी सोडून देतो.

रोप आलं की रात्रभर पाण्यात भिजवून मोठ्या पिशवीत लावा, मिश्रणात काळी माती नको. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात, म्हणून पहिला उन्हाळा पिशवीतच, निम्मं ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली. पहिल्या कळ्या खुडा, मनावर दगड ठेवून. ओळख पटवायला एकच ठेवा. जमिनीत लावायचं ते परवान्यावर दिलेला विलगीकरणाचा काळ संपल्यावर आणि पावसानं जोर धरल्यावर.

पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा नक्षी उमटली तर तो मोझेक असू शकतो. विलगीकरणात असताना दिसलं तर अधिकाऱ्यांना कळवा, लपवू नका. हा विषाणू मावा-तुडतुड्यांनी नाही, मुख्यतः कलमातून पसरतो. नक्षी उन्हाळ्यात नाहीशी होते आणि झाड बरं झालंसं वाटतं, पण ते बरं झालेलं नसतं. अशा झाडाचा एकही डोळा दुसऱ्या खुंटावर भरू नका, कितीही दुर्मिळ असलं तरी, आणि कोणी मागितला तर देऊही नका.